भाज्यांनाही हवा चांगला शेजार

पाऊस ओसरला, दसरा जवळ आला की लखनौच्या गोमती नगरात घरोघरी खुरपी बाहेर निघतात. विवेक खंड, विपुल खंड, विनय खंड, विकास खंड अशी 'वि'वरून नावे असलेल्या या वसाहती लखनौ विकास प्राधिकरणाने आखून दिल्या. इथल्या अनेक घरांपुढे किंवा मागे चार वाफे होतील एवढी जागा असते. जागा नसेल तर गच्ची असतेच. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, वाटाणा, मुळा, पालक, मेथी. उत्तर हिंदुस्थानातला हिवाळा म्हणजे भाज्यांचा उत्सवच.

पण नोव्हेंबर सरता सरता या उत्सवात विघ्न येते. कोबीच्या पानांना चाळणीसारखी भोके पडतात. टोमॅटो लाल होण्याआधीच आतून पोखरला जातो. मोहरीच्या शेंड्यावर मावा चिकटून बसतो. मग बागेचे काम बघणारा माळी सहज म्हणतो, "दवा मार देते हैं." महाराष्ट्रात याच वेळी म्हणतात, "औषध मारू या." गंमत अशी की दोन्ही भाषांत विषाला औषधच म्हणतात! म्हणूनच की काय, ते किती आणि कधी मारायचे याचा फारसा विचार होत नाही. काल फवारलेला कोबी आज पानात पडतो. घरातले लहान मूल तर वाटाण्याची शेंग वेलीवरून तोडून तिथेच सोलून खाते.

हे 'औषध' किती गंभीर असू शकते, हे महाराष्ट्राने २०१७ साली पाहिले. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारखे कीटकनाशक भाज्यांवर वापरायला २००५ सालापासूनच बंदी आहे. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणीनंतर किती दिवस पीक काढू नये, हे लिहिलेले असते. पण घरच्या बागेत ते वेष्टन कोण वाचतो? माळी अर्ध्या बाटलीतले द्रव्य आणतो आणि अंदाजाने पाण्यात ओततो.

मग घरची भाजी लावायची तरी कशासाठी? बाजारातल्या भाजीवर काय मारले आहे ते कळत नाही, म्हणूनच ना? तेव्हा फवारणीचा पंप उचलण्याआधी एक सोपा उपाय करून बघायला हवा. तो म्हणजे भाजीला योग्य शेजार देणे.

शेजाराची कल्पना जुनीच

एका पिकाच्या जोडीला दुसरे पीक लावणे आपल्याला नवे नाही. ज्वारीत तूर, बाजरीत मटकी ही महाराष्ट्रातल्या शेतातली जुनी जोडपी आहेत. उत्तर प्रदेशात गव्हात मोहरीच्या ओळी आणि हरभऱ्यात जवस दिसतो. अमेरिकेतले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आणि त्यांना 'तीन बहिणी' म्हणत. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवडा चढे आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून तण रोखत.

आफ्रिकेत केनियामध्ये १९९० च्या दशकात हीच कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मक्याच्या शेतात आणली गेली. भारतात जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती लावली आणि शेताच्या कडेने नेपियर गवत लावले. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिडीचे पतंग दूर जातात, तर कडेचे गवत त्यांना आपल्याकडे ओढून घेते. आतून ढकलायचे आणि बाहेरून ओढायचे, अशी ही पद्धत हजारो छोट्या शेतकऱ्यांनी उचलली.

घरच्या बागेत एवढे मोठे शेत नसते. पण तत्त्व तेच आहे.

झेंडू आणि टोमॅटो

टोमॅटोला भोक पाडून आत शिरणारी हिरवी अळी आणि हरभऱ्याचे घाटे पोखरणारी अळी एकच. तिच्या मादी पतंगाला अंडी घालायला झेंडूच्या कळ्या आणि फुले फार आवडतात. बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथे असलेल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या आवडीचा उपयोग करून घेतला. त्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची १ ओळ लावली, तर पतंग मोठ्या प्रमाणावर झेंडूवर अंडी घालतात आणि टोमॅटो वाचतो. अशा पिकाला 'सापळा पीक' म्हणतात.

यात खरी मेख आहे ती वेळेची. नुसता झेंडू लावून भागत नाही. टोमॅटोला फुले येतील त्याच सुमारास झेंडूलाही कळ्या यायला हव्यात. म्हणून टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे आणि झेंडूचे रोप ४० दिवसांचे असताना दोन्ही एकाच दिवशी लावायची असतात. लखनौच्या हवामानात हिशेब असा बसतो: झेंडूचे बी सप्टेंबरच्या ५ तारखेच्या सुमारास टाकावे, टोमॅटोचे २० तारखेला आणि दोन्हींची लावणी १५ ऑक्टोबरच्या आसपास करावी. बी टाकायला उशीर झाला असेल, तर रोपवाटिकेतून कळ्या धरलेली झेंडूची रोपे आणली तरी चालतात. रोप मात्र उंच वाढणाऱ्या आफ्रिकन झेंडूचेच असावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सापळ्यात सापडलेला उंदीर आपण पिंजऱ्यातच ठेवून देत नाही. तसेच झेंडूवर आलेल्या अळ्याही तिथेच राहू देऊ नयेत. दर दोन-तीन दिवसांनी फुले उलटून बघावीत. पोखरलेल्या कळ्या आणि अळ्या काढून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. हे केले नाही, तर सापळ्याचे पाळणाघर होते आणि तिथे वाढलेल्या अळ्या पुढे टोमॅटोकडे वळतात. 'झेंडू लावला, तरी कीड आलीच' अशी तक्रार अनेक जण करतात. त्यांची चूक बहुधा इथेच झालेली असते.

मोहरीच्या आडोशाला कोबी

कोबी आणि फ्लॉवरचा मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची छोटी हिरवट अळी पानाच्या खालच्या बाजूने हिरवा भाग खरवडून खाते. डिवचले की वळवळत धाग्याने खाली लोंबकळते. अनेक कीटकनाशके या अळीने पचवलेली आहेत. फवारा मारूनही ती मरत नाही, हा अनुभव जगभरच्या शेतकऱ्यांना आला आहे.

पण या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी अधिक प्रिय असते. बंगळुरूच्या त्याच संस्थेने १९९१ साली दाखवून दिले, की कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी असतील तर कोबीवरची कीड बरीच कमी होते. इथेही वेळ सांभाळावी लागते. मोहरीची पहिली ओळ कोबीच्या लावणीआधी १५ दिवस पेरायची आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. कारण पहिली मोहरी जून झाली की पतंगाला ती नकोशी होते. तोवर दुसरी कोवळी मोहरी तयार असावी लागते. १ नोव्हेंबरला कोबी लावणार असाल तर पहिली मोहरी १७ ऑक्टोबरच्या सुमारास आणि दुसरी २५ नोव्हेंबरच्या सुमारास पेरा. मोहरीवर अळ्या जमल्या की ती पाने खुडून टाका. गरज पडली तर निंबोळी तेलाचे पाणी केवळ मोहरीवर फवारता येते. कोबीला हात लावावा लागत नाही.

उत्तर प्रदेशात मोहरी कुठेही मिळते. स्वयंपाकघरातल्या डब्यातली चमचाभर मोहरीही, भाजलेली नसेल तर, सहज उगवते.

कोथिंबिरीला फुलू द्या

बागेतले सगळे किडे शत्रू नसतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आणि त्याची अळी माव्याचा फडशा पाडतात. अडचण अशी की ढालकिड्याची अळी दिसायला मुळीच गोजिरी नसते. काळपट, काटेरी, चिमुकल्या मगरीसारखी दिसणारी ही अळी पाहून बहुतेक जण तिलाच आधी चिरडतात. माव्याच्या थव्यात अशी अळी फिरताना दिसली तर तिला राहू द्यावे.

हिरव्या अळ्यांच्या अंगात अंडी घालून त्यांना मारणाऱ्या चिमुकल्या परजीवी माश्याही आपल्या मैतर आहेत. या माश्यांना स्वतःसाठी मध आणि पराग लागतो. त्यांची तोंडे लहान, त्यामुळे खोल फुलांतला मध त्यांना मिळत नाही. कोथिंबीर, बडीशेप, शेपू यांची छत्रीसारखी पसरट फुले त्यांच्या सोयीची असतात. म्हणून सगळी कोथिंबीर चटणीसाठी न उपटता वाफ्याच्या कडेची आठ-दहा झाडे फुलायला सोडावीत. ऑक्टोबरमध्ये पेरलेली कोथिंबीर थंडीच्या उत्तरार्धात फुलते आणि लखनौकडे माव्याचा जोरही साधारण जानेवारी-फेब्रुवारीतच असतो. वर घरचे धणे मिळतात ते वेगळेच.

विषारी फवाऱ्याने मावा मरतो तसा ढालकिडाही मरतो. मावा मात्र आठवड्याभरात पुन्हा वाढतो, कारण त्याची पिल्ले झपाट्याने होतात. ढालकिड्याला पुन्हा यायला वेळ लागतो. एकदा फवारले की वारंवार फवारावे लागते, त्याचे कारण हेच.

ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

सोबतीच्या झाडांविषयी खूप काही सांगितले जाते. त्यातले सगळेच खरे नसते. 'वासाच्या झाडाने कीड पळते' ही त्यातली सर्वांत लाडकी समजूत. इंग्लंडमध्ये वेल्सबर्न इथे स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर या शास्त्रज्ञांनी कोबीवर येणाऱ्या माशीचा अभ्यास केला. त्यांना आढळले की वासाची झाडे बिनवासाच्या झाडांपेक्षा काही जास्त चांगले काम करत नाहीत. मुद्दा वासाचा नसून हिरव्या रंगाचा आहे. कीटक उडत येतो आणि समोर दिसेल त्या हिरव्या पानावर उतरतो. उघड्या काळ्या मातीत एकटाच कोबी असेल तर तो नेमका कोबीवरच उतरतो. आजूबाजूला दुसरी हिरवळ असेल तर तो चुकतो. पुन्हा पुन्हा चुकला की निघून जातो. तेव्हा कोबीच्या मधल्या जागेत मेथी, पालक, कोथिंबीर काहीही असले तरी उपयोगच होतो. मोकळी माती तेवढी ठेवू नये.

दुसरी समजूत झेंडूच्या मुळांची. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना झेंडूच्या मुळांतले द्रव्य मारक असते, हे खरे. पण त्यासाठी तो संपूर्ण वाफा दोन-तीन महिने झेंडूनेच भरलेला हवा. कोपऱ्यात दोन झेंडू लावून मातीतले सूत्रकृमी जात नाहीत.

तिसरी समजूत वाटाणा-घेवड्याची. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठतो. मात्र शेजारच्या पिकाला तो लगेच फारसा मिळत नाही. शेंगा संपल्यावर झाड उपटून न फेकता बुडाशी कापावे आणि मुळे मातीत कुजू द्यावीत. खरा फायदा पुढच्या पिकाला होतो.

इंग्रजी पुस्तकांत गाजराजवळ कांदा लावण्याचा सल्ला हमखास असतो. पण तो ज्या माशीसाठी दिलेला असतो, ती थंड प्रदेशातली कीड आहे. आपल्या मैदानी भागात गाजराची ती चिंता नव्हे. कांदा-गाजर जरूर लावा, जागा वाचते. चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका.

काही शेजार टाळावेत

टोमॅटो आणि बटाटा एकाच कुळातले. डिसेंबर-जानेवारीत लखनौवर दाट धुके उतरते, पाने दिवसदिवस ओली राहतात आणि करपा येतो. इकडे त्याला 'झुलसा' म्हणतात. बटाट्यावर आलेला करपा टोमॅटोवर जायला वेळ लागत नाही. दोघांना बागेच्या दोन टोकांना ठेवावे आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी, तेही सकाळी द्यावे.

भेंडी, टोमॅटो आणि मिरची या तिघांवरही पांढरी माशी येते. भेंडीची पाने पिवळी करणारा आणि टोमॅटोची पाने आकसून टाकणारा विषाणू हीच माशी पसरवते. म्हणून ही पिके एकमेकांना खेटून नकोत. वाफ्याभोवती मक्याच्या दोन दाट ओळी लावल्या तर माशीला आडोसा होतो. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून टांगले तरी बऱ्याच माश्या चिकटतात. ही माशी किती चिवट आहे बघा: लखनौच्याच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१६ साली एका नेच्यातले प्रथिन शोधून ते कपाशीत आणले, ते याच माशीसाठी.

पुदिना उपयोगी खरा. गोमती नगरपासून जवळच असलेला बाराबंकी जिल्हा तर पुदिन्याच्या तेलासाठी प्रसिद्ध आहे. पण भाजीच्या वाफ्यात तो लावलात तर मुळांनी पसरत सगळी जागा बळकावतो. त्याला कुंडीतच ठेवा आणि कुंडी हवी तिथे सरकवा.

दहा बाय दहा फुटांची आखणी

समजा घरामागे १० फूट लांब आणि १० फूट रुंद जागा आहे. मधोमध २ फुटांची एक उभी आणि एक आडवी वाट सोडली की ४ बाय ४ फुटांचे चार वाफे मिळतात. एक नियम आधी ध्यानात घ्यावा: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उंच झाडे उत्तरेच्या कडेला लावावीत. म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही.

पहिला वाफा: टोमॅटोची ४ रोपे, उत्तरेच्या कोपऱ्यांत आफ्रिकन झेंडूची २ रोपे, खाली मेथी.

दुसरा वाफा: उत्तरेला मोहरीची ओळ, पुढे दीड-दीड फुटावर कोबी किंवा फ्लॉवरची ६ रोपे, मधल्या जागेत पालक. मोहरीची दुसरी ओळ पहिलीला लागूनच पेरावी.

तिसरा वाफा: उत्तरेला काठ्यांवर चढवलेला वाटाणा, पुढे मुळा. मुळा महिना-दीड महिन्यात निघतो, तोवर वाटाणा भरात येतो.

चौथा वाफा: कांदा, लसूण आणि गाजर, कडेला फुलण्यासाठी राखलेली कोथिंबीर.

पुढच्या वर्षी प्रत्येक पीक एक वाफा पुढे सरकवायचे. त्यामुळे मातीतल्या रोगांना त्याच जागी तेच पीक मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिवाळी भाज्या संपल्या की भेंडी, चवळी, काकडी, दोडका यांची पाळी. वेलांच्या कडेने मका लावावा. फळमाश्या उंच झाडांवर विसावतात, तिथे त्या नजरेस पडतात. किडकी काकडी वेलाखाली पडू न देता लगेच उचलावी. मे-जूनमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा मक्याची सावली कोवळ्या भाज्यांना हवीहवीशी वाटते.

महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी

लखनौ आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने इथे १९२६ साली संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. नोकरीत बदली होऊन आजही मराठी कुटुंबे इथे येतात आणि येताना बियाण्यांच्या पुड्यांबरोबर पुणे-नाशिकचे वेळापत्रकही घेऊन येतात. तिथेच चूक होते. पुण्याची थंडी मवाळ, इथली कडक. पुण्यात डिसेंबरातही टोमॅटोचे रोप लावले तर चालून जाते. इथे ते धुक्यात आणि थंडीत आखडून बसते. इथे हिवाळी लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उरकावी आणि कडाक्याच्या रात्री कोवळ्या रोपांवर गवताचे किंवा जुन्या चादरीचे पांघरूण घालावे. शेजारच्या लखनवी काकूंना विचारायला संकोच करू नये. कोणत्या आठवड्यात काय पेरायचे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

एवढे करूनही

सोबतीच्या झाडांनी कीड पूर्णपणे जात नाही. वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी झेंडूला दाद देत नाही. तिथे सुकलेला शेंडा दिसताक्षणी खुडून नष्ट करणे हाच उपाय. गच्चीवर येणाऱ्या माकडांपुढे तर कोणतेच सापळा पीक चालत नाही, तिथे जाळीच हवी. मावा फारच वाढला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बघावा. नंतर १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. दिवसा मधमाश्या फुलांवर असतात.

कोबीच्या बाहेरच्या दोन पानांना चार भोके पडली, म्हणून बिघडत नाही. ती पाने काढून टाकली की आतला गड्डा स्वच्छ निघतो. भोक नसलेला चकचकीत कोबी बाजारात मिळतोच. घरच्या कोबीची किंमत वेगळी आहे: त्यावर काय मारले आहे, हे आपल्याला ठाऊक असते. वाटाण्याच्या वेलीपाशी उभे राहून शेंगा खाणाऱ्या मुलाला 'धुऊन खा रे' एवढेच सांगावे लागते, 'हात लावू नकोस' असे नाही.

तेव्हा यंदा दसऱ्याच्या आधी झेंडूचे बी टाकायला विसरू नका. तोरणासाठी लागणारा झेंडू बाजारातून आणावा लागला तरी हरकत नाही. घरचा झेंडू टोमॅटोच्या राखणीला असू द्या.